बरं वाटू लागल्यावरचं दुखणं

बायपोलरचा रुग्ण डॉक्टरांसमोर पहिल्यांदा येतो तो बहुधा उदास होऊन. अन्नावरची वासना उडालेली, कामावर महिनाभर दांडी, बोलणं हो-नाहीपुरतं. सोबत आलेली आई किंवा बायको सांगते, ‘‘आधी असा नव्हता हो, उलट भारी उत्साही होता.’’ त्या भारी उत्साहाची चौकशी बऱ्याचदा तिथेच थांबते. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत हाच माणूस रात्री जेमतेम तीन तास झोपून पहाटे टवटवीत उठत होता. आठवडाभरात त्याने दोन धंद्यांचे बेत आखले होते आणि एकासाठी कर्जही काढून मोकळा झाला होता. तोंडाचा पट्टा थांबत नव्हता, कुणी अडवलं तर अंगावर धावून जात होता. यातलं काहीच डॉक्टरांपर्यंत पोचत नाही. घरच्यांना लपवायचं असतं असं नाही. तोही आजारच होता हे कुणाच्या डोक्यात आलेलं नसतं. ‘तेव्हा कसा झपाटून कामाला लागला होता,’ अशी त्या दिवसांची आठवण निघते.

मग चिठ्ठीवर नैराश्याची गोळी येते. निव्वळ नैराश्यात ती गुणकारी ठरते. बायपोलरमध्ये मात्र मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाची जोड न देता ती एकटीच दिली, तर काही रुग्णांना ती थेट दुसऱ्या टोकाला, उन्मादात नेऊन सोडते. दोन-तीन आठवड्यांत माणूस उठून बसतो, घरचे देवापुढे साखर ठेवतात आणि खरी धावपळ तिथून सुरू होते.

आजाराचा पहिला झटका आणि योग्य उपचारांची सुरुवात यांच्यात सरासरी सुमारे सहा वर्षांचं अंतर पडतं, असं निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांची एकत्र बेरीज सांगते. आजार डोकं वर काढतो विशीच्या आगेमागे. म्हणजे ही सहा वर्षं कॉलेजची, पहिल्या नोकरीची आणि पुष्कळदा लग्नाची.

मराठीत या विषयावर जे लिहिलं-बोललं जातं, ते बहुतेक ‘लाजू नका, मदत मागा’ या सल्ल्यापाशी संपतं. सल्ला चांगलाच आहे. पण बायपोलरमध्ये पहिल्यांदा दवाखान्याची पायरी चढणं जितकं अवघड, त्याहून अवघड असतं ते त्यानंतरचं दुसरं, तिसरं, पाचवं वर्ष. माणूस बरा दिसतो, कामाला जातो, हसतो-बोलतो आणि गोळ्या बंद होतात. आपल्या आरोग्यव्यवस्थेची सगळी मांडणी झटका आवरण्यासाठी आहे; झटका आवरल्यानंतरच्या वर्षांसाठी तिच्याकडे फारसं काही नाही. घराघरांतली समजही तशीच आहे.

आजार नेमका काय, तेही थोडक्यात सांगायला हवं, कारण ‘कधी खूश कधी नाखूश’ एवढ्यावरच अनेकांची समजूत थांबते. उन्मादाचा काळ, ज्याला डॉक्टर मेनिया म्हणतात, किमान आठवडाभर टिकतो. झोपेची गरजच उरत नाही, विचार एकावर एक आदळतात, पैसा पाण्यासारखा जातो, आपण कुणीतरी मोठे आहोत अशी खात्री वाटू लागते. काहींना भास होतात. आनंदापेक्षा चिडचिडच जास्त, असंही पुष्कळांच्या बाबतीत घडतं. याचीच सौम्य आवृत्ती चार-सहा दिवसांची असते आणि ती बाहेरच्यांना कर्तबगारीच वाटते. दुसऱ्या टोकाला किमान दोन आठवड्यांचं, अनेकदा महिनोन् महिन्यांचं नैराश्य. रुग्णाच्या आयुष्यातले एकूण आजारी दिवस मोजले तर नैराश्याचेच जास्त भरतात, म्हणून तर निदान चुकतं.

२०१७ साली भारतात सुमारे ७६ लाख लोकांना हा आजार होता, असा अंदाज ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी, २०१५-१६ मध्ये, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलरच्या शंभरातले सत्तर रुग्ण उपचारांच्या बाहेर आढळले. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता.

हे सत्तर जण जातात कुठे? देवऋषी, भगत, दर्गा, बुवा, झालंच तर पत्रिका पाहणारे. त्यांना अडाणी म्हणून निकालात काढणं सोपं आहे, पण भगताची बाजूही पाहावी. तो रात्री दहालाही भेटतो, केसपेपर मागत नाही, घरच्यांच्या बोलीत बोलतो आणि ‘यात तुमचा काही दोष नाही, बाहेरची बाधा आहे’ असं सांगून आईबापांच्या छातीवरचं ओझं उतरवतो. शिवाय या आजारात त्याला एक मोठा फायदा आपसूक मिळतो. उन्मादाचा फेरा औषध न घेताही काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी ओसरतो. त्या सुमारास जो ताईत दंडाला असेल त्याला यश मिळतं. पुढचा फेरा दोन वर्षांनी आला, तर ‘बंधन तुटलं’ हे उत्तर तयारच असतं.

म्हणून इथे नुसती टिंगल उपयोगी पडत नाही, आणि दुर्लक्षही परवडत नाही. तमिळनाडूतल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ रोजी एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण त्यात गेले. त्यानंतर देशात दोन वाटा निघाल्या. एक बंदीची. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारहाण करणं यांना गुन्हा ठरवतो, आणि ते योग्यच आहे. दुसरी वाट गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून चोखाळली गेली. ‘दवा-दुआ’ या नावाने तिथे दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराचा दवाखाना सुरू झाला आणि मुजावरच रुग्णाला दुआनंतर दवेकडे धाडू लागले. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या ‘मानसमित्र’ उपक्रमात कार्यकर्त्यांना प्राथमिक भावनिक मदतीचं प्रशिक्षण दिलं जातं. पण गावोगावच्या ज्या ठाण्यांवर आणि दर्ग्यांत अमावास्या-पौर्णिमेला रांगा लागतात, त्यांच्या दारात सरकारी मानसोपचाराचं टेबल मांडायला काय हरकत आहे? रुग्ण जिथे येतो तिथे डॉक्टर गेला, तर विवेकवादाचं त्यात काही नुकसान नाही.

आता औषधाकडे. या आजारावरचं सर्वांत जुनं आणि अजूनही सर्वांत भरवशाचं औषध म्हणजे लिथियम, आणि त्याच्या पहिल्या रुग्णाची हकिकत प्रत्येक बायपोलर कुटुंबाने ऐकावी अशी आहे. मेलबर्नजवळच्या बंडूरा इथल्या रुग्णालयात जॉन केड हे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत, सिंगापूरच्या चांगी छावणीत, त्यांची साडेतीन वर्षं गेली होती. परतल्यावर रुग्णालयाच्या एका वापरात नसलेल्या खोलीत गिनीपिगवर प्रयोग करताना त्यांना लिथियमचा परिणाम जाणवला. आधी त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिलं आणि मार्च १९४८ मध्ये एका एक्कावन्न वर्षांच्या माणसाला दिलं. हा माणूस पाच वर्षं सतत उन्मादात होता. अस्वच्छ, बेताल, वॉर्डातला सगळ्यांत त्रासदायक रुग्ण. काही आठवड्यांत तो शांत झाला. जुलैमध्ये घरी गेला, जुन्या नोकरीवर रुजूही झाला.

वैद्यकाच्या इतिहासात हा प्रसंग इथवरच सांगितला जातो. पुढचं असं, की बरं वाटू लागल्यावर त्याने गोळ्यांत कुचराई केली, मग त्या सोडल्याच, आणि सहा महिन्यांत तो पुन्हा त्याच वॉर्डात दाखल झाला. औषध परत सुरू झालं, थांबवावं लागलं, पुन्हा सुरू झालं. १९५० मध्ये तो लिथियमच्याच विषबाधेने गेला. रक्तात ते किती साचलं आहे हे मोजण्याची सोय तेव्हा बंडूरात नव्हती. बायपोलरच्या उपचारांतल्या दोन्ही मोठ्या अडचणी, म्हणजे रुग्णाने औषध सोडणं आणि व्यवस्थेने औषधावर लक्ष न ठेवणं, त्या एकाच माणसाच्या वाट्याला आल्या. पंचाहत्तर वर्षं उलटून गेली, अडचणी त्याच आहेत.

रुग्ण गोळ्या का सोडतो, याचं सर्वांत प्रांजळ उत्तर के रेडफिल्ड जॅमिसन यांनी दिलं आहे. त्या स्वतः मानसशास्त्रज्ञ, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक, या आजारावरच्या प्रमाणग्रंथाच्या सहलेखिका. तरीही स्वतःला बायपोलर असताना त्यांनी कित्येक वर्षं लिथियमशी टाळाटाळ केली. ‘ॲन अनक्वाएट माइंड’ या १९९५ सालच्या आत्मकथनात त्या सांगतात, की उन्मादाच्या सुरुवातीचे दिवस इतके तेजस्वी असतात की ते गमावल्याचं दुःख होतं. शिवाय हातांचा कंप, वाचनावर होणारा परिणाम हेही होतंच. इतकं ज्ञान असलेल्या बाईची ही कथा. मग जळगाव-सोलापूरच्या पंचवीस वर्षांच्या पोराने ‘आता मी ठीक आहे’ म्हणून गोळ्यांची पट्टी कचऱ्यात टाकली तर त्याला बेजबाबदार म्हणणं हा अन्याय आहे.

समजूत घालताना ‘हा डायबिटीससारखाच आजार आहे, गोळी चालू ठेवायची’ असं सर्रास सांगितलं जातं. कलंक पुसायला हे वाक्य बरं आहे. पण साखर वाढलेल्या माणसाला आपण पूर्वीपेक्षा हुशार, देखणे आणि भाग्यवान झालो आहोत असं वाटत नाही. बायपोलरमध्ये आजार आणि ‘मी’ यांच्यातली भिंतच पातळ असते. गोळी घेणं म्हणजे आपल्यातला एक लखलखीत भाग कापून देणं, असं रुग्णाला वाटतं. त्याच्याशी याच मुद्द्यावर बोलावं लागतं, आणि त्या बोलण्याला वेळ लागतो. सरकारी ओपीडीत एका रुग्णाला मिळतात काही मिनिटं.

आणि घर? जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’ ही कादंबरी माहीमच्या एका छोट्या फ्लॅटमध्ये घडते. गोव्याकडचं कॅथलिक कुटुंब, बायपोलर असलेली आई, शांतपणे सगळं निभावणारे वडील आणि या दोघांकडे पाहत वाढणारी दोन मुलं. पिंटो यांनी ती स्वतःच्या आईच्या आजारावरून लिहिली. २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला आणि शांता गोखले यांनी ती ‘एम आणि हूमराव’ या नावाने मराठीत आणली. मनोविकारांवरची माहितीपुस्तकं पुष्कळ आहेत. पण आजाऱ्याचा विनोद, त्याचा विखार, घरच्यांचा थकवा, प्रेम आणि अधूनमधून येणारा तिटकारा हे सगळं एकाच खोलीत कसं नांदतं, हे समजायला ही कादंबरी जास्त उपयोगी. रुग्णाच्या नातेवाइकांना डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून द्यावी इतकी.

व्यवस्थेची बाजू रक्ताच्या एका चाचणीत दिसते. लिथियमचा गुणकारी डोस आणि घातक डोस यांच्यात अंतर फार थोडं. एक लिटर रक्तात ०.६ ते १.० मिलिमोल एवढी पातळी साधारण ठेवायची. ती दीडच्या वर गेली की विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. म्हणून रात्रीच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी, सकाळची गोळी न घेता, रक्त द्यायचं. सुरुवातीला दर आठवड्याला, मग तीन ते सहा महिन्यांनी एकदा. सोबत किडनी आणि थायरॉइड. पुण्या-मुंबईत हे सरळ आहे. तालुक्याच्या गावी नमुना थर्मोकोलच्या डब्यातून शहरात जातो, दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट येतो आणि त्या चाचणीचे पैसे महिन्याच्या गोळ्यांहून जास्त होतात. गोळ्या स्वस्त आहेत. साध्या क्षाराच्या, पेटंटचा प्रश्नच नाही, राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहेत. पण चाचणीची खात्री नसेल तर डॉक्टर लिथियम द्यायला कचरतो आणि वजन व साखर वाढवणारं, तुलनेने महागडं दुसरं काहीतरी लिहितो. हा निर्णय वैद्यकीय वाटतो, प्रत्यक्षात तो लॅबच्या अंतराने घेतलेला असतो.

ज्यांना लिथियम चालू आहे त्यांना महाराष्ट्रात राहताना काही गोष्टी ठाऊक असायलाच हव्यात, आणि चिठ्ठीवर त्या मराठीत छापलेल्या असाव्यात. विदर्भातला मे महिना, दिवसभर घाम, पाणी कमी: पातळी वाढते. निर्जळी उपवास: वाढते. जुलाब-उलट्या: वाढते. रक्तदाबासाठी मीठ एकदम बंद केलं तरी वाढते. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलवाल्याकडून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलं तर पातळी चढू शकते. पॅरासिटॅमॉल त्या मानाने सुरक्षित. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं, उलट्या ही लक्षणं दिसली तर गोळी थांबवून ताबडतोब रुग्णालय गाठायचं. एवढं एका पोस्टकार्डावर मावतं.

लिथियम सगळ्यांना लागू पडत नाही. साधारण तिघांतल्या एकाला ते अक्षरशः नवं आयुष्य देतं, काहींना अर्धवट उपयोग होतो, काहींना काहीच नाही. पण पर्याय आहेत आणि ते चांगले आहेत. उन्माद आवरायला ओलान्झापिन, क्वेटियापिन, ॲरिपिप्राझोल अशी औषधं. नैराश्याचे फेरे लांब ठेवायला लॅमोट्रिजिन, ज्याचा डोस फार सावकाश वाढवावा लागतो, कारण घाईने जीवघेणं पुरळ येऊ शकतं. आणि सोडियम व्हॅलप्रोएट.

व्हॅलप्रोएटपाशी थांबायला हवं. गरोदरपणात हे औषध चालू असेल तर शंभरातल्या सुमारे दहा बाळांत जन्मजात व्यंग आढळतं आणि तीस ते चाळीस मुलांत वाढीच्या, आकलनाच्या अडचणी. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला ते शक्यतो देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आता हे आपल्या लग्नव्यवस्थेशी जोडून पाहा. मुलगी पंचवीस वर्षांची, दोन वर्षं गोळ्यांवर स्थिर. स्थळ आलं. आजार सासरी सांगायचा नाही, असं घरात ठरतं. गोळ्यांचं पाकीट सासरच्या कपाटात कसं ठेवणार, म्हणून हळदीच्या आठवड्यात गोळ्या बंद होतात. त्याच आठवड्यात रात्र-रात्र जागरण. झोपमोड हे उन्मादाचं सर्वांत खात्रीचं निमित्त, आणि औषध नाही. दोन महिन्यांत नवी सून रात्री तीनला उठून स्वयंपाकघर लावू लागली की ‘फसवलंत’ म्हणून प्रकरण कोर्टात जातं. किंवा उलट होतं: गोळ्या लपूनछपून चालू राहतात, व्हॅलप्रोएटच्या, आणि दिवस राहतात. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे तर बायपोलर स्त्रीसाठी सर्वाधिक धोक्याचे असतात. तेव्हा ‘बाळंतिणीला वारं लागलं’ म्हणून दिवस घालवणं परवडत नाही.

‘लग्न केलं की सुधारेल’ हा सल्ला मुलाबाबत दिला जातो आणि ‘लग्नाआधी कुणाला कळू देऊ नका’ हा मुलीबाबत. दोन्ही सल्ले देणारी माणसं पुढे निस्तरायला येत नाहीत. लग्नाआधी समोरच्याला स्पष्ट सांगणं, मूल होऊ देण्याच्या किमान काही महिने आधी डॉक्टरांशी औषध बदलण्याविषयी बोलणं, बाळंतपणाच्या आधीच झोपेची सोय ठरवणं: हे सगळं शक्य आहे आणि असे संसार नीट चाललेलेही आहेत.

शॉक ट्रीटमेंटचं नाव काढलं की हिंदी सिनेमातलं दृश्य डोळ्यांपुढे येतं. आज ती भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध देऊनच करावी लागते. त्याशिवाय करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी घातली आहे. अन्नपाणी सोडलेल्या, जीव द्यायला निघालेल्या रुग्णात ती आठवड्याभरात फरक दाखवते. तात्पुरता विसराळूपणा येतो, काहींना तो जास्त जाणवतो, हेही खरं.

गोळ्यांइतकंच महत्त्व झोपेला आहे, आणि इथे पैसा लागत नाही. अमेरिकेतल्या ‘स्टेप-बीडी’ या मोठ्या प्रकल्पात २९३ रुग्णांचा गट घेतला गेला. सगळ्यांना औषधं होतीच. काहींना वर थोडं मार्गदर्शन मिळालं, तर काहींना नऊ महिने पद्धतशीर मानसोपचार: कुटुंबाला सोबत घेऊन, विचारांवर काम करून किंवा झोप-जेवण-कामाच्या वेळा बांधून. वर्षाअखेर पहिल्या गटातले सुमारे ५२ टक्के सावरले होते, दुसऱ्यातले ६४ टक्के. तिन्ही पद्धतींत एक काम समान आहे: पुढचा फेरा येण्याआधीच्या खुणा घरच्यांनी ओळखायच्या. त्यासाठी महागडं ॲप नको, भिंतीवरचं कालनिर्णय पुरे. दुधाचा हिशोब जिथे लिहितात त्याच चौकोनात रात्रीच्या झोपेचे तास आणि मूडचा एक आकडा. सलग तीन चौकोनांत झोपेचा आकडा ‘४’ आला आणि माणूस तरीही ताजातवाना असेल, तर सणवार बघू नये, डॉक्टरांना फोन करावा. गणपतीतल्या मिरवणुका, नवरात्रातला जागर, आयटीतल्या रात्रपाळ्या यांपासून स्थिर झालेल्या रुग्णाने लांब राहावं, असं सांगणारा डॉक्टर धर्मद्वेष्टा नसतो. त्याला फक्त या चौकोनांचं गणित ठाऊक असतं.

आत्महत्येचा धोका या आजारात सर्वसाधारण लोकांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. विशेष सांभाळायचे काळ दोन: नैराश्य आणि उन्माद एकमेकांत मिसळतात तेव्हा, आणि रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे. ‘आता सुटलो’ म्हणून घरचे निर्धास्त होतात ते नेमके याच आठवड्यांत. लिथियमने हा धोका कमी होतो, हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे आणि तो त्याचा मोठा गुण. पोलीस केसच्या भीतीने रुग्णालय टाळण्याचं कारणही आता उरलेलं नाही. २०१७ च्या कायद्याचं ११५ वं कलम आत्महत्येचा प्रयत्न तीव्र ताणाखाली झाला असंच गृहीत धरतं, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलमच नाही. मनात तसे विचार येत असतील तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कधीही, मराठीतही, बोलता येतं. फोनवर बोलून भागण्यासारखं नसेल तर जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग.

मदतीची ठिकाणं वाटतात तितकी विरळ नाहीत. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची संस्था. त्यांच्या नावालाच लोक बिचकतात. पण बहुतेक रुग्णांना तिथे भरती व्हायचं नसतंच, ओपीडी पुरते. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा कक्ष असतो. केईएम, नायर, ससूनसारख्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये उभी केलेली आयपीएच ही संस्था रुग्ण आणि नातेवाईक दोघांसोबत काम करते.

कायद्याने याहून बरंच जास्त कबूल केलं आहे. मे २०१८ पासून लागू असलेल्या त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या १८ व्या कलमानुसार अत्यावश्यक यादीतली मानसिक आजारांवरची औषधं सामूहिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात, सर्व काळ, मोफत मिळायला हवीत. ‘सर्व काळ’ या दोन शब्दांवर आमदारांनी अधिवेशनात प्रश्न विचारायला हरकत नाही. आणि तिथेच पुढची मागणी जोडावी: लिथियम जिथे मिळेल तिथे त्याची पातळीही मोफत मोजून मिळावी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ही सोय आणि ग्रामीण रुग्णालयातून नमुना तिथवर नेण्याची व्यवस्था. क्षयरोगाच्या थुंकीचे नमुने गावोगावहून जिल्ह्याला पोचवण्याचा अनुभव याच आरोग्य खात्याकडे आहे. विम्याबाबतही तेच. विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरायला सांगितलं. परंतु बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात आणि बायपोलरचा खरा खर्च तर भरती टळावी म्हणून वर्षानुवर्षं चालणाऱ्या ओपीडीचा आणि गोळ्यांचा असतो. चांगला सांभाळलेला रुग्ण विम्यातून एक पैसाही परत मिळवत नाही.

सरकार जागं होईपर्यंत रुग्णाने स्वतः करण्यासारखं एक काम आहे आणि ते बरं वाटत असतानाच करायचं. उन्मादात माणूस कार्ड, मोबाइल, गाडीची किल्ली कुणाच्या हाती देत नाही, भरती व्हायला तर मुळीच तयार नसतो. त्या वेळी घरात कोणाचं ऐकायचं यावरच भांडणं होतात. कायद्याच्या १४ व्या कलमाने कोणत्याही सज्ञान माणसाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. उपचारांच्या निर्णयात आपल्या वतीने हीच व्यक्ती बोलेल, असं ठरवता येतं. ती नातेवाईकच असावी असंही नाही. मित्र, मैत्रीण, शेजारची मावशी, कुणीही सज्ञान आणि तयार असलेली. यासाठी स्टॅम्पपेपर लागत नाही. साध्या कागदावर नाव लिहून सही किंवा अंगठा, आणि त्या व्यक्तीची लेखी संमती. एक प्रत डॉक्टरांच्या फाइलला लावून ठेवायची. पुढे विचार बदलला तर नेमणूक केव्हाही रद्द करून दुसरं नाव देता येतं.